डंक मारून जोडलेले हात

"माकड लोंबकळतंय बघा," मालकाचा मुलगा म्हणाला. सगळं मैदान हसलं.

मी तेव्हा रिंगला लटकून होतो. शहापूरला कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सराव चालला होता. मी उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबला, त्याला डंक म्हणतात. कोंबला तो मालकाच्या मुलाच्या डोक्यावरून. तो आमचा कॅप्टन. आणि त्याच्याच बापाच्या शेतात माझी आई लावणीला जाते, बा कापणीला.

खरी लाज पुढची आहे. खाली उतरलो आणि माझे हात आपोआप जोडले गेले. मान खाली, पाठ वाकलेली. मला कुणी सांगितलं नव्हतं. सिद्धगडाखालच्या आमच्या वाडीत मालक दिसला की माणूस असाच वाकतो. बा उंच, म्हणून जास्तच वाकतो. लहानपणी म्हणायचा, "मालकापुढं उंच नको दिसू रे." ते अंगात मुरलंय. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सराव घेणाऱ्या सरांनी मला बाजूला बसवलं.

"हा माज बरा नाय," म्हणाले. "अमेरिकेत पण सुरुवातीला मोठेमोठे उंच खेळाडू सरावातच डंक मारायचे. मॅचमध्ये मारला तर समोरच्याचा अपमान. परत उडाला की समोरचे खालून पाय काढून घ्यायचे त्याचे. तिथल्या कॉलेजात तर डंकवर काही वर्षं बंदीच होती."

म्हणजे उंच माणसानं किती वर जायचं, हे तिकडेही खाली उभे असलेलेच ठरवत होते.

"मग थांबले का ते, सर?" मी विचारलं.

सर शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिले. "नाय," म्हणाले. "थांबले असते तर तुला डंक कुठनं कळला असता?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उडालो. कॅप्टननं खालून खांदा घातला. सिमेंटवर आपटलो. कोपर सोललं.

"हात जोड," तो म्हणाला. "नायतर आईला सांग, लावणीला येऊ नको."

हात जोडायला उठत होते. खोटं कशाला सांगू. मी चेंडू घट्ट धरला आणि उभा राहिलो. पहिल्यांदाच त्याच्यासमोर पुरता उभा. तो माझ्या खांद्याला लागत होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"सांगतो," म्हणालो. "बाजूला हो."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "आता कुटं जायचं रे आमी?"

लाज अजून आहे. पडल्याची नाही, हात जोडल्याची. आईबरोबर दुसऱ्या कुणाच्या शेतात लावणीला जाईन. तिथं वाकेन, रोपासाठी वाकावंच लागतं. माणसापुढं वाकणार नाही.

उद्या सराव आहे. कॅप्टनच्याच डोक्यावरून डंक मारणार.