खुनी हातांचं कार्ड

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी हे तुम्हाला मीच सांगते.

२०२१च्या जानेवारीत मी तुमच्या मामाकडे परदेशात, सिटीवेस्टला होते. आले होते तीन महिन्यांसाठी. विमानं बंद झाल्याने दहावा महिना चालू होता. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी, म्हणून चार मराठी घरांनी शनिवारी दुपारी सिनेमा ठरवला होता. आधी एकाने व्हिडिओ कॉलवर त्या सिनेमाच्या चित्रीकरणातल्या गमती सांगायच्या, मग ज्याने त्याने आपापल्या घरी तो बघायचा.

त्या शनिवारी एक जुना फ्रेंच रहस्यपट होता. निवड तुमच्या मामीची. औषधांच्या कारखान्यात सलग सहा दिवस काम करून ती थकली होती, आणि आठवडाभर एवढंच म्हणत होती, "कुणी मला काही सांगू नका हं. खुनी मला स्वतः शोधायचाय."

गमती सांगायची पाळी माझी.

ओट्सच्या खोक्यांतून मी सारख्या मापाची अकरा कार्डं कापली, प्रसंगांच्या क्रमाने लावली, घड्याळ लावून आरशासमोर वाचली. धुकं म्हणजे ओल्या गवताचा धूर होता. नायकाच्या गाडीला इंजिनच नव्हतं, चौघे जण ती दोरीने ओढत. सगळे हसले. मला चेव आला.

सातवं कार्ड मी बक्षीस समारंभाच्या आवाजात वाचलं. "गळा आवळताना दिसतात ते हात डॉक्टर झालेल्या नटाचे नाहीत. त्याचे हात थरथरत, म्हणून दिग्दर्शकाने स्वतःचे वापरले. अंगठ्याच्या नखावर शाईचा डाग दिसतो."

सगळे गप्प. मला वाटलं, आवाज गेला. म्हणून तेच कार्ड पुन्हा, सावकाश वाचलं.

"आई," मामा म्हणाला, "डॉक्टरच खुनी आहे, हे आता चारही घरांना दोनदा कळलं."

मामी उठून स्वयंपाकघरात गेली. तिची एकुलती एक मोकळी दुपार मी अगदी क्रमवार वाया घालवली होती. उरलेल्या चार कार्डांना मी रबरबँड लावला. दुसरं काही सुचेना.

ती चहा घेऊन आली. "बसा इथे, माझ्याशेजारी. खुनी तर सापडला. आता तो डाग तरी शोधू."

त्या प्रसंगाला तिने सिनेमा थांबवला, मागे नेला, टीव्हीला जवळजवळ नाक लावलं. डाग होता.

"अहो आई, खरंच की!" ती ओरडली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा खळखळून हसली.

मला माफी मिळाली, पण एका अटीवर. तेव्हापासून माझी कार्डं आधी मामाने तपासायची. पुढच्या खेपेला बारातली तीन उरली. खोडायला लाल पेनही त्याने माझंच मागून नेलं.