दाजींचं तांबं

मोकळ्या जागेचा एवढा राग करणारा माणूस आमच्या दाजींशिवाय जगात दुसरा जन्माला आला नसेल. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं पोस्टकार्ड गोल गोल फिरवत वाचावं लागे. मजकूर संपला की ते कडेनं लिहीत, कडा संपल्या की पत्त्याच्या अवतीभवती. रेल्वेत कोणी एकटा बसलेला दिसला की त्याला गाव विचारत, मग मामाचं गाव, मग बायकोचं, आणि पिंगळी स्टेशन येईपर्यंत तो बिचारा डब्यातल्या कुणाचा तरी चुलतसाडू निघालेला असे.

सेलूला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रान्झिस्टर नवे होते, दाजी त्यांच्यावर लट्टू. अँप्लिफायरच्या पोटात एक पाटी असते, तिच्यावर दोन्ही अंगांनी तांब्याचा पत्रा चिकटवलेला. बाकीचे कारागीर त्यावर रंगानं रेघा ओढून पाटी औषधात बुडवत. रेघांखालचं तांबं राही, उरलेलं विरघळून जाई. दाजी मात्र दोन्ही बाजू रंगानं लिंपून काढत. रेघांच्या कडेला केसाएवढी फट सोडली की झालं. ‘‘तांबं काय भाकर मागायलंय का? ऱ्हाऊ द्या की,’’ म्हणत. हे राखलेलं तांबं सगळं अर्थिंगच्या तारेला, अर्थला, जोडायचं, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरत नाही. हे ते गिऱ्हाइकाला चहा पाजून समजावत. गिऱ्हाईक चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जाई.

माझे वडील ताडकळसला मास्तर. जावयानं कारकुनी सोडून दुकान टाकलं हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोप समारंभ ठेवला. घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज पार बसला होता, पुढच्या रांगेतल्यालाही ऐकू जाईना. आणि त्यांना तर शेवटच्या रांगेपर्यंत बोलायचं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘एकदा नीट ऐकू गेलं की मी मोकळा.’’ दाजींनी आठ दिवस दुकान बंद ठेवून नवा अँप्लिफायर बांधला. पाटीवर नखाएवढी जागासुद्धा रिकामी ठेवली नाही.

संध्याकाळी अख्खं गाव जमलं आणि वीज गेली. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. वडील उभे राहिले, खाकरले, आणि कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, ‘‘ज्वारीवरील खोडमाशीचा बंदोबस्त वेळीच करावा.’’ रेडिओवरचा शेतकरी कार्यक्रम! लोक हसून हसून आडवे झाले. वडील पांढरेफटक पडले. दाजींनी झाकण उघडलं, पाटी पालथी केली आणि कपाळावर हात मारला. तांब्याचा पानाएवढा एक तुकडा अर्थला जोडायचाच राहिला होता. तो एकटा पडून एरियलसारखा मिळेल ते ओढून घेत होता. शिशाचा डाग देऊन तो जोडायचा तर डागाचा कैय्या तापवायला वीज नाही. ‘‘ताईचा आकडा आणा ओ मेव्हणे,’’ ते मला म्हणाले. मी ताईच्या अंबाड्यातला आकडा काढून दिला. दाजी टेबलाखाली शिरले आणि आकड्याचं एक टोक त्या तुकड्यावर, दुसरं अर्थवर दाबून धरलं. खोडमाशी गेली. वडिलांचा आवाज वडाखाली उभ्या असलेल्या बायकांपर्यंत स्वच्छ पोचला.

वडील तासभर बोलले. आभार मानायला एकालाही सोडलं नाही. शिपाई, ट्रॅक्टरवाला, वर्गात डुलक्या घेणारी पोरं, सगळ्यांची नावं घेतली. टेबलाखालच्या माणसाचं तेवढं राहिलं. विसरले की अढी होती, देव जाणे. मला फार लागलं ते. दाजी बाहेर आले तेव्हा अंगठा निळा पडला होता, पाय सरळ होईना. भाषण कसं झालं विचारलं तर म्हणाले, ‘‘घरघर न्हवती ना?’’ त्यांचा सगळा जीव त्या आकड्यात. एक शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

पुढच्याच वर्षी वडील गेले. आता दाजी म्हातारे झालेत. सासऱ्यांना ते मामा म्हणत. मी गेलो की विचारतात, ‘‘मेव्हणे, मामा काय बोलले होते ओ त्या दिवशी?’’ मी सगळं भाषण सांगतो, शिपायापासून. आणि शेवटी सांगतो, ‘‘मग म्हणाले, माझा आवाज आज तुमच्यापर्यंत आला तो आमच्या जावईबापूंमुळं.’’ दाजी खाली बघतात. अंगठा चोळत म्हणतात, ‘‘शेवटचं जरा परत सांगा.’’ मी परत सांगतो.