सरांचं हिरवं बटण

आमच्या सरांनी कुठलंही काम पूर्ण होईपर्यंत कधी वाट पाहिली नाही. काम हातात घेतलं रे घेतलं की "झालंच समजा" म्हणून ते मोकळे. मेकॅनिकने नुसतं बॉनेट उघडलं, तरी सरांच्या लेखी गाडी दुरुस्त झालेली असायची. गंगापूर रोडवरच्या आमच्या टीचभर सॉफ्टवेअर ऑफिसात त्यांना सगळे पाठीमागे 'झालंच सर' म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना तो चक्क बहुमान वाटायचा.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलगी पाहून आलो, तिच्याकडचे "कळवतो" म्हणाले, एवढंच मी जेवताना सांगितलं. डबा धुवून परत येतो तर सरांनी पेढे मागवलेले आणि माझ्या आईचं फोनवर अभिनंदनही करून झालेलं. पुढच्या आठवड्यात नकार आला. सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "पेढे चांगले होते ना? मग झालं तर!" त्यानंतर आईने त्यांचा फोन कधी उचलला नाही.

हा स्वभाव पेढ्यांपुरता राहिला असता तरी चाललं असतं. सरांनी तो कोडमध्ये उतरवला. आमचा धंदा तसा साधा. खोली रिकामी आहे का, डॉक्टरांची वेळ मिळेल का, हे दूरच्या सर्व्हरला विचारायचं आणि तो सांगेल ते गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दाखवायचं. या विचारण्या-सांगण्याच्या खिडकीला आम्ही एपीआय म्हणतो. सरांनी त्यासाठी एक बटण लिहिलं होतं. एकदा लिहायचं आणि हव्या त्या वेबसाइटवर नेऊन बसवायचं, असा तो तुकडा. दाबलं की सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच ते हिरवं व्हायचं आणि "झालं!" म्हणायचं. सर्व्हरने पुढे नाही म्हटलंच, तर गुपचूप पुन्हा पांढरं व्हायचं. तोवर माणूस फोन खिशात टाकून बाजारात पोचलेला असे.

"सर, निदान 'थांबा, विचारतोय' असं तरी दाखवू," मी दर महिन्याला म्हणायचो.

"गिऱ्हाइकाला थांबा म्हणायचं? नाशकात कोण थांबतं रे? सिग्नलला तरी थांबतात का?"

दुसरा हट्ट असा, की बटण सगळीकडे एकच. लग्नाच्या लॉन्सच्या साइटला तेच, दवाखान्याला तेच. "वेगळी कॉपी काढायची नाही. एक बदललं की सगळीकडे बदललं पाहिजे." थोडक्यात, थाप एकच, पण ती गावभर सारखी.

मग नवरात्र आलं. वणीच्या एका भक्तनिवासाच्या खोल्यांची नोंदणी आमच्याकडे होती आणि ऐन गर्दीत सर्व्हर बंद पडला. बटण मात्र येईल त्याला हिरवं होत राहिलं. देवीच्या गडावर निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं हिरवे फोन घेऊन भक्तनिवासाच्या दारात उभी राहिली. आत खोली एक नाही. मॅनेजरने सगळ्यांना सरांचा नंबर देऊन टाकला.

सर मूळचे वणीचे. मला गाडीत घालून ते तिथे पोचले आणि त्या लोकांना हसत म्हणाले, "खोली झालेलीच आहे, फक्त जागा बदललीय." सगळी वरात त्यांनी थोरल्या भावाच्या घरी नेली. त्यांच्या वहिनी चुलीपुढून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते बटन हितं बी दाबा की. बघू भाकरी व्हत्यात का!"

घर, ओटा, गोठ्याची पडवी, सगळं भरलं. शेवटी एक म्हातारी आली, पाय सुजलेले, हातात नातवाचा फोन. "बाबा, माझी खोली झाली ना?"

"झालंच स..." म्हणता म्हणता सर थांबले. तिच्या पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "थांबा आजी, विचारतो." आणि चप्पल न घालता गल्लीत दारोदार विचारत सुटले. चौथ्या की पाचव्या घरात तिला खाट मिळाली. नाशिक आल्यावर सर मला म्हणाले, "बदल तुझं ते बटण."

मी बदललं आणि एका दमात ते सगळ्या साइटवर बदललं. तीन गिऱ्हाइकं "स्लो वाटतं" म्हणून सोडून गेली.

यंदा सर गेले. डॉक्टर छातीला यंत्र लावेपर्यंतही त्यांनी वाट पाहिली नाही. मला त्यांचा अतोनात राग यायचा आणि त्यांच्याशिवाय अजून करमत नाही. ऑफिसातल्या पोरांनी त्यांच्या फोटोचं एक पान केलं, खाली 'फूल वाहा' असं बटण. दुसऱ्या दिवशी वणीहून वहिनींचा फोन आला.

"आरं, मी फूल वाह्यलं तर त्ये म्हनतंय थांबा, इचारतोय. कोनाला इचारतंय? भाऊजींना वाट बघाया लावू नको बाबा. त्यांना लय तरास व्हायचा त्याचा."

आमचंच बटण होतं. सरांचा हट्ट मोडून मी त्याची एक वेगळी कॉपी काढली, फक्त त्या पानापुरती, आणि तिला त्यांची जुनी खोड परत दिली. वहिनींनी पुन्हा दाबलं. "हां, झालं बघ लगीच!" म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ते फूल सर्व्हरपर्यंत पोचलं की नाही, हे मी अजून तपासलेलं नाही.