धुक्यात उडवलेला रुपया
ओल्या गवताचा वास आला की ग्लासगोचं मैदान आठवतं. युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये आमचे आणि दुसऱ्या टीमचे विजय सारखे, आपसातली मॅच बरोबरीत, गुणही तेवढेच. मग नियमाप्रमाणे विजेता छापा-काट्यावर ठरणार होता. रेफरीला नाणं सापडेना, बाकी सगळे कार्डवाले. पुण्याहून निघताना आईने दिलेल्या शकुनाच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया मी खर्चायचा नाही म्हणून खिशात जपला होता, तोच दिला. रेफरीने उडवला, तो धुक्यात वर गेला आणि खाली आलाच नाही. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून गवत चाचपत राहिलो. "पडल्याचा आवाज ऐकलास का तू?" मित्राने हळूच विचारलं. मी ऐकला नव्हता. विजेतेपद शेवटी दोन्ही टीममध्ये वाटलं. परवा पुण्याहून आईचं तसंच पाकीट आलं. वरचा रुपया ओला होता, आणि त्याला गवत चिकटलं होतं.