पंधरा वर्षांनी मारलेली उडी
गुडघ्याला बाम चोळताना त्या वासाने इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचा एक शनिवार आठवला. ऑफिसातला माझा ऑस्ट्रेलियन सहकारी तिकडच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलमध्ये नावाजलेला खेळाडू होता. तेविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळही सुटला. ब्रॅकनेलमध्ये तो हौशी टीमला नुसतं शिकवायचा. त्या दिवशी एक खेळाडू कमी पडला, म्हणून गुडघ्याला बाम फासून तोच ओल्या मैदानात उतरला. उंच चेंडू आला, तसा तो सगळ्यांच्या डोक्यावरून झेपावला आणि झेल घेऊन धाडकन पडला. उठेचना. मी धावत गेले, विचारलं, “फार लागलं का?” चेंडू छातीशी धरून तो रडत होता. “नाही,” म्हणाला, “पंधरा वर्षांनी उडी मारली.” तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, डॉक्टर ‘चाला’ म्हणतात, आणि जिन्याच्या कठड्यावरचा हात काही माझ्याने सोडवत नाही.