डब्याच्या झाकणाचा कवडसा

मी भित्री आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे सासरी सगळ्यांना कळलं, कारण पाल बघून मी फोडलेली किंकाळी शेजारपाजारच्या घरांनी ऐकली होती. आवाज मात्र देवानं भरभरून दिलाय. त्यात आमचे हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पत्रा दाबायच्या मशीनवर आयुष्य काढून कान घालवून बसले. तेव्हापासून माझा आवाज चढला तो चढलाच. हल्ली मी देवाजवळ काही मागितलं तरी गल्लीला कळतं.

यांच्या कानाला मशीन आहे. पण दाढी करताना, वाचत पडल्यावर ते काढून ठेवतात. त्यासाठी आमच्या घरात बत्तीची पद्धत आहे. दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं की ‘या’. धडाधड केलं की ‘हातातलं टाकून या’. शेजारीण चिडवते, “वहिनी, काल दादांना लई घाईनं बोलावलंसा! आमच्या भिंतीवर उजेड नुसता नाचत हुता.”

हे निवृत्त झाल्यावर मुलानं यांना जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन दिली. साठी गाठलेल्या माणसाला हे कुणी सुचवलं, देव जाणे. गारगोटीच्या पुढं, डोंगरपायथ्याच्या जंगलात दोन वाटा आखलेल्या आहेत, एक चालणाऱ्यांची, एक सायकलवाल्यांची. मधे ओढा आहे. वाटा त्याच्या दोन अंगांनी जातात आणि खाली पुलाजवळ भेटतात. रविवारी गाडीच्या मागं सायकल बांधून आम्ही तिथं जातो. यांना एकट्याला सोडायचं म्हणजे माझा जीव टांगणीला, म्हणून डबा घेऊन मीही जाते. ते सायकलवर, मी पायी.

त्या दिवशी फाटकावरच्या वनरक्षकानं आम्हाला थांबवलं. “पावणं, जपून जावा. कळपातनं फुटलेला एकटा गवा फिरायलाय. दिसला तर गप उभं ऱ्हावा, वाट द्या त्याला. ओरडू नगासा. ओरडलं की बुजतोय, आन् म्होरं आसंल त्याच्या अंगावर जातोय.”

माझं माहेर नेसरीकडचं. उसात गवा शिरला की गाव कसं दारं लावून बसतं ते मी पाहिलंय. मी तिथंच यांना म्हटलं, “अहो, चला घरी.”

“अगं, दर खेपेला सांगतोय की त्यो,” म्हणत यांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. सायकल पळायला लागली की त्यात वारा शिरून शिट्टी वाजते म्हणे. मशीन खिशात गेलं म्हणजे माझं बोलणंही संपलं. हे वर निघून गेले.

मी ओढ्याच्या अलीकडच्या वाटेनं चालायला लागले. पाचोळ्यात सरडा पळाला तरी मी थांबत होते. स्वतःलाच शिव्या देत होते, यांनाही देत होते, पण मनातल्या मनात. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प राहिले नव्हते.

अर्ध्या वाटेवर झाडी विरळ झाली आणि समोरची बाजू दिसली. वरच्या वळणावर, उन्हात, यांचा पिवळा शर्ट दिसला. सायकल मांडीला टेकवून हे पाणी पीत होते. माझ्या जिवात जीव आला. मग सहज नजर उतारावरून खाली आली. पुढच्या वळणाला, करवंदीच्या जाळीलगत, दाट सावलीत एक काळा दगड होता. त्या दगडाचा कान हलला.

सायकलची वाट त्याच्या नाकासमोरून जात होती. यांना वरून फक्त जाळी दिसत असणार. बाटलीचं टोपण लावायचं, सायकलवर टांग टाकायची आणि सुसाट खाली यायचं, एवढंच बाकी होतं.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडले असते तर ते फक्त गव्यानं ऐकलं असतं. ज्या आवाजाला सगळी गल्ली वैतागते त्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता. मला एवढंच दिसत होतं की माझ्या डोळ्यांदेखत हे मरणार आणि मी इथं डबा धरून उभी असणार.

हातातल्या त्या डब्याचं झाकण उन्हात चमकलं, आणि मला घरातलं बटण आठवलं.

ऊन माझ्या उजव्या अंगाला होतं. मी झाकण काढून तिरकं धरलं. हात इतके थरथरत होते की कवडसा समोरच्या झाडांवर वेड्यासारखा उड्या मारायला लागला. एकदा तर तो गव्याच्या पाठीवरूनच गेला. त्यानं मान उचलली. मी श्वास रोखला. दोन्ही कोपर पोटाशी घट्ट दाबून मी कवडसा वर नेला, यांच्या तोंडावर. हलवला. पुन्हा हलवला.

यांनी डोळ्यांवर हात धरला, माझ्याकडं पाहिलं आणि हसले. हात उंचावून दाखवला. आणि सायकलवर बसले.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. बत्ती हलवली की ‘या’. इतकी वर्षं मी यांना तेवढंच शिकवलंय. मी यांना बोलावलं होतं आणि हे निघाले होते. ‘येऊ नका’ची बत्ती आमच्या घरात कधी लागलीच नव्हती.

सायकल उताराला लागली. आता करायचं काय? मी कवडसा यांच्या पुढं वाटेवर टाकला आणि तिथून घसरवत खाली नेला, सावलीत, जाळीवर, थेट त्या काळ्या अंगावर. तिथं तो धरून ठेवला. आई अंबाबाई, बघू दे यांना, एवढंच मी म्हणत होते.

यांनी कचकन ब्रेक दाबले. गवा वळला. दोघांच्या मधे आमच्या घरासमोरच्या रस्त्याएवढंही अंतर नव्हतं. हे सायकलच्या आडोशाला पुतळ्यासारखे उभे राहिले. मग एकेक पाऊल मागं सरकायला लागले. गव्यानं फुस्स करून नाकातनं श्वास सोडला, तो मला ओढ्याच्या पलीकडून ऐकू आला. ज्याला ऐकू यायला हवा होता त्याला आला नाही. मग गवा ओढ्याकडं उतरला, म्हणजे माझ्याकडं. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा गवा दिसत नव्हता, दगड घरंगळल्याचा आवाज दूर खालून येत होता.

हे वरून वळसा घालून माझ्या वाटेला आले. मी खाली बसले होते, डबा उपडा झाला होता, भाकरी मातीत पडल्या होत्या. यांना बघितलं आणि माझा आवाज फुटला. यांचं मशीन, यांची सायकल, ती घेऊन देणारा मुलगा, माझं नशीब, कुणालाही मी सोडलं नाही. हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग खिशातून मशीन काढलं. ते दोनदा हातातून खाली पडलं. शेवटी एकदाचं कानात बसवून हे म्हणाले, “हं, आता बोल.”

मी यांचा शर्ट धरून रडले.

सायकल सुटलेली नाही. मशीन कानातच ठेवीन असं वचन दिलंय, पण फाटक ओलांडलं की ते खिशात जातं, हे मला ठाऊक आहे. मी झाकण घासूनपुसून बरोबर नेते. पण एखाद्या रविवारी आभाळ भरून येतं, ऊन पडायचं लक्षण नसतं. अशा दिवशी मी यांना सांगते की माझे गुडघे दुखतायत. हे आधी खिडकीतून आभाळाकडं बघतात, मग माझ्या गुडघ्यांकडं, आणि सायकल परत आत आणून ठेवतात.