तोफखान्याचे कान

देवळालीला माजी सैनिकांच्या दवाखान्यात वडिलांना घेऊन गेलं की फाटकातूनच आरडाओरडा ऐकू येतो. भांडण नसतं. तिथले निम्मे म्हातारे तोफखान्यातले. तोफांनी कान गेलेले, म्हणून साधी तब्येतही ओरडूनच विचारतात. नर्सने नाव पुकारलं की ज्याला कळेल त्याने त्या माणसाच्या खांद्यावर थाप मारायची, ही तिथली रीत.

त्या दिवशी थाप बसली सिन्नरकडच्या एका आजोबांना. ते ताडकन उठले, मिशा सारख्या केल्या आणि कवायतीच्या चालीने आत गेले. बाहेर आले ते कानाला दवाखान्याने फुकट दिलेलं नवं यंत्र लावून. बाकावर बसलेल्या बायकोपाशी येऊन थबकले.

"अगं, तुझ्या बांगड्या वाजू ऱ्हायल्या!" ते गरजले.

"लग्नापासून वाजू ऱ्हायल्या," आजी म्हणाल्या. "आता तरी हळू बोला."

आजोबा वाकले आणि आजींच्या कानाशी काहीतरी कुजबुजले.

"काय म्हणला रे?" सगळा बाक एकदम ओरडला. वडिलांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. माझे कान चांगले शाबूत आहेत, पण मलाही काही ऐकू आलं नव्हतं.

आजी मात्र पदरात तोंड लपवून हसत होत्या.